एका गाठीला एक बोट

माझी बायको सुभद्रा गेल्या श्रावणात वाटेवर मेली. घरात नाही, दवाखान्यात नाही, वाटेवर. छातीत कळ आली म्हणून गाडी बोलावली. गाडी आली, पण सडकेवरच उभी राहिली. आमचं घर मळ्यात, आणि मळ्यापर्यंत गाडी यायला वाट नाही. चार दिवसांचा पाऊस, काळी जमीन. तिला बाजेवर घातलं, चौघांनी उचललं, आणि बाजेच्या दोन्ही अंगांनी चालायला जागा नाही म्हणून चौघंही कपाशीत उतरले. गुडघाभर चिखल. दोनदा बाज खाली टेकवावी लागली. दुसऱ्यांदा टेकवली तेव्हा ती म्हणाली, "थांबू नका." सडकेला लागलो तेव्हा तिच्यात काही राहिलं नव्हतं.

लोक म्हणाले, वेळ आली होती. कशाची वेळ? वाट नव्हती. आणि ती वाट मी खाल्ली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको.

दहाव्याला माझी थोरली, कौशी, जालन्याहून आली. तिनं आईच्या उतरंडीमागून एक जुना दोर काढला. विहिरीचा दोर, हाता-हातावर गाठी मारलेला. मी म्हटलं, "काय करतीस?" तिनं दोर दोन दिवस उन्हात टाकला. तिसऱ्या दिवशी वाटेवर गेली आणि जिथं बाज टेकवली होती तिथं दोर आडवा धरला. दोन गाठी. मला म्हणाली, "आबा, दोन." तेवढंच बोलली आणि सांजच्या गाडीनं निघून गेली.

त्या गाठी साळवे गुरुजींनी मारलेल्या. त्यांच्याबद्दल लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. चुकलं तर चुकलं.

आता मी गुरुजी म्हणतो. तेव्हा म्हटलं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा ते आमच्या गावच्या शाळेवर आले. राजूरपासून दोन कोस आत आमचं गाव. त्यांच्या आधीच्या मास्तराला सगळं गाव गुरुजी म्हणायचं, घरी बोलावून जेवू घालायचं. साळवे बौद्ध, म्हणून ते नुसते मास्तर. गावात कुणी खोली दिली नाही. आमच्या मळ्याच्या पलीकडं ओढ्याकाठी बौद्ध वाडा, तिथं एका म्हातारीच्या पडवीत राहायचे. सडकेवरच्या शाळेपासून वाड्यापर्यंत जी गाडीवाट जायची ती आमच्या वावरातून. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ ते माझ्या दारावरून जायचे.

माणूस उंच, वाळलेला, डाव्या खिशात खडूचे तुकडे, उजव्या खिशात सुतळी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले मी फार कमी पाहिले. ती हाताला धरून चालायचे आणि ओठ हलायचे. मला वाटायचं काही जप करतात. एक दिवस मी बांधावरून हटकलं, "काय मास्तर, सायकल आजारी हाय का?"

"सायकलवर बसलं की पावलं मोजता येत न्हाईत, किसनराव."

"मोजून काय करता?"

"काल सहाशे बारा भरली, आज सहाशे आठ. पाऊल तेच, वाट तीच. मंग चार गेली कुठं?"

मी हसलो. माझ्यासोबतचे गडीही हसले. मागून म्हटलं, "सरकार याला पगार पावलं मोजायचा देऊन राह्यलं."

त्यांना कुणी विचारलं, मास्तर, हसनाबाद किती लांब हो, की ते आधी विचारायचे, "कुणाच्या पावलानं?" ही त्यांची खोड. आम्ही कोस धरायचो. ते म्हणायचे, कोस उन्हात लांबतो आणि सावलीत आखडतो, पोरांना कोस शिकवणार नाही. पोरांना मारत नव्हते. चुकलं की म्हणायचे, "जा, परत चालून ये." त्यामुळं शाळेच्या वेळात पोरं गावभर. कुणी देवळाला पावलं मोजतंय, कुणी चावडीला. गावाला ते खटकायचं. मलाही.

कौशी तेव्हा चौथीत. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादच्या नकाशात एक तालुका होता. त्यात आमचं गाव नव्हतं. पाटलाच्या पोरानं हिला सांगितलं, आपलं गाव सरकारच्या हिशेबात धरतच नाहीत. ही रडत घरी. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गच्या वर्ग टेकडीवर नेला. तिथून आमची विहीर दिसते. सुभद्रा पाणी शेंदत होती.

"कौसल्या, आई दिसती का?"

"दिसती. बोटाएवढी."

"तिच्या नाकातली मुरणी दिसती का?"

"न्हाई."

"मंग घरी गेल्यावर बघ, मुरणी हाय का गेली."

पोरगी धावत आली आणि आईचं तोंड दोन्ही हातांत धरून नाक बघायला लागली. सुभद्राला काही कळेना. कळल्यावर हसली, अशी हसली की घागर कलंडली. सव्वीस वर्षांची असेल तेव्हा. मला हे तिनं कितीदा सांगितलं असेल. मी दर वेळी म्हणायचो, पुरे आता.

मग त्यांनी पोरांना गावाचा नकाशा काढायला सांगितला, आठवणीनं, पाटीवर. सगळ्यांनी मारुतीचं देऊळ सगळ्यांत मोठं काढलं. त्याच्याखाली पाटलाचा वाडा. बौद्ध वाडा कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा. काहींनी काढलाच नाही. त्या वाड्यातल्या पोरांनीसुद्धा स्वतःचा वाडा दाण्याएवढाच काढला होता. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "जा, चालून या."

पोरं चालून आली. देऊळ लांबीला अकरा पावलं. पाटलाचा वाडा चाळीस. बौद्ध वाड्याची गल्ली एकशे ऐंशी. कौशी जेवताना म्हणाली, "आबा, देव मोठा असंल, पण देऊळ अकराच पावलं हाय. गुरुजी म्हणले, कागद लहान असतो म्हणून लहान करावंच लागतं. पण लहान करायचं तर सगळ्यांना सारखंच लहान करायचं. एकाला जास्त न् एकाला कमी, असं केलं की ते चित्र झालं, नकाशा न्हाई."

मी ताटावरून उठलो. देवळाला अकरा पावलं म्हणणारा हा कोण? गावात दोन दिवस तेच चाललं होतं. पाटील शाळेत जाऊन बोलून आले. गुरुजी त्यांना म्हणाले म्हणे, "तुमच्या पावलानं दहा भरंल, पाटील. तुम्ही उंच आहात." पाटलाला कळेना की ही थट्टा की मान. अजून मला कळत नाही.

पोरांची पावलं कमी-जास्त, म्हणून त्यांना दोर हवा होता. शाळेत टेप नव्हती. ते आमच्या दारात आले, मी वखरावर होतो, आणि सुभद्रानं विहिरीचा दोर देऊन टाकला. मला न विचारता. त्यांनी फूटपट्टी लावून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारल्या. "दोन गाठी म्हणजे एक मीटर," असं म्हणत बसले ओट्याखाली. ओट्यावर बसले नाहीत, मी बसा म्हटलं नव्हतं. पाणी सुभद्रानं तांब्यातून वरून ओतलं, ते ओंजळीनं प्याले. ते मी बघत उभा होतो.

दोर दिवसा त्यांच्याकडं, सकाळ-संध्याकाळ आमच्या विहिरीवर, असं ठरलं. आणि तिथंच घोटाळा झाला. दिवाळीच्या सुमारास पोरांनी शाळेपासून आमच्या मळ्यापर्यंत वाट मोजली. एका टोळीच्या गाठी जास्त आल्या, दुसऱ्या टोळीच्या कमी. दोन-चार नाही, वीसेक गाठींचा फरक. तीन दिवस पोरं परत परत वाट मोजत होती, सकाळी एक भरायची, दुपारी दुसरी. गुरुजींचं जेवण उडालं असावं. चौथ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर आले, सुभद्राच्या हातातला दोर बघितला, ओला, पाणी गळणारा, आणि तिथंच मटकन खाली बसले. एकटेच हसायला लागले. मग दोर पाण्यात बुडवून पट्टी लावली, उन्हात वाळवून पट्टी लावली. दिवसभर तेच. शाळेतली पोरं भोवती गोळा. सांजेला त्यांना म्हणाले:

"ओला दोर आखडतो. गाठी जवळ येतात. म्हणून सकाळच्या ओल्या दोरानं वाट जास्त भरली. चूक पोरांची न्हाई, चूक माझी. मी दोर न बघता मोजायला लावलं. आजपासून दोर आधी वाळवायचा, मंग मोजायचं."

मास्तर पोरांसमोर म्हणतो, मी चुकलो. मी असं कधी ऐकलं नव्हतं. मला त्याचं हसू आलं, आणि पुढं कामाला येईल म्हणून ते मी डोक्यात ठेवलं. असा मी माणूस.

आता वाटेचं सांगतो. मूळची वाट आठ गाठी रुंद. दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी. मी दर नांगरटीला एक तास वाटेत घालायचो. एक तास म्हणजे नांगराची एक ओळ, कुणाच्या डोळ्यात येत नाही. दहा वर्षांत माझी एक गाडी बराबर निघेल तेवढी वाट ठेवली, बाकी ज्वारी. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, ती त्यांची वाट, वाड्याची. त्यांची लाकडं, त्यांचं धान्य, त्यांची मढी त्या वाटेनं जायची. त्यांच्यातलं कुणी तोंड उघडणार नव्हतं, माझ्याच वावरात ते मजुरीला यायचे. माझं घर त्याच वाटेवर आहे हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

सव्वीस जानेवारीला झेंड्यासाठी गाव शाळेत जमलं. पटांगणात पोरांनी आख्खं गाव चुन्यानं काढलं होतं. प्रमाण एकच: एका गाठीला एक बोट. देऊळ, चावडी, विहिरी, आणि आमची वाट. वाट लांबत लांबत फाटकापाशी गेली आणि पटांगण संपलं. पोरं म्हणाली होती, वाट जरा वाकवू, म्हणजे सगळं आत बसंल. गुरुजी म्हणाले, वाकवायची न्हाई. तर ओढा आणि बौद्ध वाडा फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर काढला. कुणीतरी मागून बोललं, "बघा, यांचा वाडा नकाशातबी बाहेरच."

गुरुजी म्हणाले, "पटांगण लहान पडलं. वाडा न्हाई."

मग एकेक पोर पुढं येऊन नकाशा वाचू लागलं. बोटं जमिनीवर टेकवायची आणि सांगायचं, इथून तिथं इतकी बोटं, म्हणजे इतक्या गाठी, म्हणजे इतके मीटर. लोकांना मजा वाटत होती. पाटलानं स्वतः वाकून आपल्या वाड्याला बोटं लावली. मग कौशीचा नंबर. तिच्या वाट्याला वाट आली होती. परकर सावरून उकिडवी बसली.

"शाळेपाशी वाट आठ बोटं. आठ गाठी, चार मीटर." सरकत सरकत पुढं गेली. "इथं आठ. इथं आठ." मग थांबली. परत बोटं लावली. "इथं साडेतीन." आणि मान वर करून गुरुजींकडं बघत म्हणाली, "हे आमचं वावर हाय."

बौद्ध वाड्यातल्या माणसांत उभा असलेला एक म्हातारा खोकल्यासारखा हसला. दुसरा हसला.

मी पुढं गेलो आणि म्हटलं, "हे समदं खोटं हाय. याचा दोर ओला होता. दिवाळीला यानंच कबूल केलं, विचारा पोरांना. म्हणला का न्हाई, चूक माझी?"

पोरांनी माना डोलावल्या. खरंच म्हणाले होते. लोक खदखदले. पाटील म्हणाले, "मास्तर, दोर वाळू घाला आधी, मंग वाटा मोजा."

गुरुजी माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "किसनराव, ओला दोर आखडतो. गाठी जवळ येतात, जास्त भरतात. दोर ओला असता तर तुमची वाट रुंद भरली असती. अरुंद न्हाई."

कुणालाच ते कळलं नाही. लोक उठून निघाले होते. मला कळलं. उभ्या जागी कळलं, आणि मी आणखी मोठ्यानं हसलो. कौशी नकाशावर तशीच बसलेली, बोटं वाटेवर. माणसं तिच्या अंगावरून, चुन्यावरून, गावावरून चालत बाहेर गेली.

घरी सुभद्रा ताट वाढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ओला दोर आखडतो हे मला शिकवता का? मी रोज वढते. तुम्ही साऱ्या गावासमोर लबाड बोललात, आन् तीबी उलटी." मी ताट भिरकावलं. ती उठून भाकरीचे तुकडे वेचत बसली. त्यानंतर तिनं त्या दोराच्या गाठी कधी सोडल्या नाहीत. पुढं वीस वर्षं त्या गाठींच्या दोरानं पाणी शेंदलं, तळहाताला घट्टे पडले. मी म्हटलं, सोड त्या गाठी. ती म्हणायची, "धराया बऱ्या पडतात."

गुरुजींविरुद्ध अर्ज झाला. शिकवत नाहीत, पोरं रानोमाळ हिंडवतात, गावात भांडणं लावतात. अर्ज पाटलाच्या थोरल्या पोरानं लिहिला, पहिली सही माझी. सही काय, चौथीतलं अक्षर, वाकडंतिकडं. उन्हाळ्याच्या आधीच त्यांची बदली झाली, जाफराबादकडच्या कुठल्याशा आडगावी. त्यांच्या जागी आलेल्या मास्तरानं भिंतीवरचा नकाशा खिळे ठोकून वर टांगला, पोरांचे हात पोचू नयेत म्हणून.

मला गुरुजींचाही राग येतो. खरं सांगतो. एवढं हळू कशाला बोलायचं? त्या दिवशी माझ्या नरड्याला धरायचं होतं. तलाठ्याकडं जायचं होतं, वाड्यातल्या माणसांना घेऊन. नंतर ऐकलं की ते तलाठ्याकडं गेलेही होते, दोन खेपा, तिथं त्यांना दारात उभं करून परत पाठवलं. तरीही राग येतो. राग कुणावर काढायचा ते मला समजत नाही, म्हणून सगळ्यांवर येतो.

वाटेचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भावाशी वाटणी झाली, पलीकडच्या बाजूनं त्यानं आणि मग पुतण्यांनी खाल्ली. बापानं एक तास घातला, पोरांनी दोन घातले. वाड्यातल्या लोकांनी ओढ्याच्या अंगानं दुसरा रस्ता मागितला, भांडून घेतला, आज त्यांच्या दारात गाडी जाते. आमच्या वाटेला एकदा खडीकरण मंजूर झालं होतं. साहेब आला, टेप टाकली, रुंदी भरली नाही, कागद परत गेला. तेव्हा सुभद्रा दारात उभी होती. माझ्याकडं बघितलं फक्त.

आता मी पुतण्यांना म्हणतो, वाट मोकळी करा. माझ्या बाजूची मी कपाशी उपटून टाकली, सहा गाठींवर खुंट्या ठोकल्या, उरलेलं त्यांच्या बाजूचं. पुतणे म्हणतात, "म्हातारी गेल्यापासून आबाचं डोकं फिरलं." गावातले शहाणे म्हणतात, आता कशाला, गेलेली येणार हाय का? न्हाई येणार. मला काय हे सांगायला तुम्ही हवेत? दोन खुंट्या कुणीतरी उपटल्या होत्या. मी परत ठोकल्या. रोज सकाळी दोर घेऊन जातो, आधी हात लावून बघतो वाळलेला आहे का, मग आडवा धरतो. पोरं हसतात. हसू द्या.

गुरुजी गेले तो दिवस सांगतो आणि थांबतो. सकाळची वेळ. मी वावरात होतो, ज्वारी काढणीला आलेली, कणसं जड, वाटेवर ओणवलेली. ते वाड्याकडून आले. सायकलीच्या मागं पत्र्याची ट्रंक आडवी बांधलेली, वर वळकटी. आधी माझ्या दारात थांबले. दोर सुभद्राच्या हातात दिला, नीट वेटोळा करून. म्हणाले, "वाळवून दिलाय, ताई. ओला ठेवला की कुजतो." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकून त्यांच्या पाया पडली. साऱ्या गावात तिनं एकटीनं. मी वावरातून बघत होतो.

मग ते पुढं आले, जिथं मी वाट खाल्ली होती तिथं. आडव्या ट्रंकेसकट सायकल जाईना, ज्वारी दोन्ही अंगांनी आत आलेली. मी विळा हातात घेऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, मोड माझ्या ज्वारीची दोन ताटं, मोडच, मग तुला दाखवतो. मला कारण हवं होतं.

त्यांनी सायकल उभी केली. सुतळी सोडली. ट्रंक डोक्यावर घेतली, अंग चोरून, कोपर आत धरून त्या बारीक वाटेतून गेले. माझ्या ज्वारीचं एक पान हललं नाही. पुढं रुंद जागी ट्रंक ठेवली, परत आले, वळकटी काखेत धरून सायकल उभीच्या उभी काढली. पुन्हा ट्रंक बांधली. दोन खेपा झाल्या त्यांच्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. सडकेकडं चालू लागले, सायकल हातात धरून, आणि पाठमोरे होईपर्यंत मला दिसत होतं, ओठ हलत होते.